बीएमएसला कायदा, डेटा अनॅलिसिस, आयटी हे विषय नुसते मार्कांपुरतेच असतात का?

तुम्ही लिहिलंय की मुलीला बारावी कॉमर्सला ७८ टक्के आहेत, मुंबईतच बीएमएस (बॅचलर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज) किंवा तसलंच काहीतरी करायचंय, आणि कायदा, डेटा अनॅलिसिस, आयटी यांतल्या कशावर भर असलेलं कॉलेज बघावं हे कळत नाहीये. इथपर्यंत वाचून मी पुढे गेले असते. पण शेवटी तुम्ही एक वाक्य टाकलंत: 'धंद्यातले आमचे एक नातेवाईक म्हणतात, कायदा वकिलाला विचारायचा असतो, कॉम्प्युटरला माणूस ठेवता येतो, त्यासाठी तीन वर्षं कशाला घालवायची?' हे वाक्य मी माझ्या काकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की तुमचे नातेवाईक म्हणजे माझेच काका तर नव्हेत, असं क्षणभर वाटलं. म्हणून लिहायला बसले. उत्तर लांबणार आहे.

मी २००९ साली बीएमएस झाले. कॉलेजचं नाव सांगत नाही. पहिल्या वर्षाला बिझनेस लॉ होता. १८७२ चा कराराचा कायदा, १९३० चा मालविक्रीचा, १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स. शिकवणारे सर स्वतः वकिली करायचे, सकाळी सातच्या लेक्चरला पांढरा शर्ट-काळी पँट घालून यायचे आणि साडेआठला कोर्टाकडे पळायचे. मला तो विषय आवडायचा, पण वर्गात तसं सांगायची सोय नव्हती. आयटीची कथा वेगळी. लॅब होती, तिला बहुतेक वेळा कुलूप असायचं, आणि परीक्षेत एक्सेलमधल्या व्हीलुकअपचा फॉर्म्युला उत्तरपत्रिकेवर पेनानं लिहायचा. कंस बंद करायचा राहिला म्हणून माझा अर्धा मार्क गेला होता. आकडेवारीच्या तासाला मीन, मीडियन, मोड. ही गणितं ज्या आकड्यांवर करायची ते आकडे येतात कुठून आणि कुठल्या अवस्थेत येतात, हे तीन वर्षांत कुणी काढलं नाही.

दोन वर्षं एका खासगी कंपनीत काढली आणि मग काकांनी बोलावलं म्हणून त्यांच्याकडे गेले. साकीनाक्याला खैरानी रोडवर त्यांचा गाळा. कोरुगेटेड खोकी बनवायचे, तीन प्लाय, पाच प्लाय. मी भांडुपहून घाटकोपरला उतरून पुढे रिक्षा करायचे. मेट्रो अजून सुरू व्हायची होती, खांब उभे राहिले होते आणि खाली सगळा चिखल. काकांचा मुलगा, म्हणजे माझा चुलत भाऊ, बीकॉम. तो टॅली बघायचा. माझ्याकडे उगाही, म्हणजे अडकलेल्या पैशांची वसुली आली, कारण पार्टीशी फोनवर गोड बोलणं हे मॅनेजमेंट शिकलेल्या मुलीचं काम आहे असं घरात ठरलं होतं.

आता २०१३ चा जून. भिवंडीच्या एका पार्टीचे आमच्याकडे दोन चेक होते. एक १५ एप्रिलचा, १,८२,००० चा. दुसरा १० मेचा, २,३५,५०० चा. पार्टी रोज म्हणायची, 'शेठ, जरा थांबा, पुढच्या आठवड्यात टाका.' काका थांबले. शेवटी ५ जूनला दोन्ही टाकले आणि ७ जूनला दोन्ही परत. फंड्स इनसफिशियंट. बँकेचा मेमो आला तो काकांनी गणपतीच्या फोटोखालच्या खणात ठेवला. त्या खणात लाइटबिलापासून लग्नाच्या पत्रिकांपर्यंत सगळं असायचं. मला म्हणाले फक्त एवढंच: 'भिवंडीवाल्याचे परत आलेत, यादीत घे.'

मी यादी करतच होते. बँकेच्या वेबसाइटवरून तीन महिन्यांचं स्टेटमेंट सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल) उतरवलं, डबलक्लिक करून एक्सेलमध्ये उघडलं, परत आलेल्या चेकच्या ओळी गाळून वेगळ्या केल्या. प्रत्येक ओळीपुढे एक रकाना घातला: परत आल्याची तारीख अधिक तीस. चेक वटला नाही तर फौजदारी तक्रारीआधी द्यायची ती कलम १३८ ची नोटीस बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत गेली पाहिजे, हे मला सरांच्या सातच्या लेक्चरपासून पाठ होतं. सांगते, मला फार अभिमान वाटला होता त्या रकान्याचा. कायदा एक्सेलमध्ये बसवला होता मी!

आता इथे जरा जवळून बघा. गाळ्यातला कॉम्प्युटर कुणीतरी लावून दिलेला, त्यात तारखांची पद्धत अमेरिकन होती, आधी महिना मग दिवस. बँकेच्या फाइलीत तारखा आपल्या पद्धतीच्या, आधी दिवस. त्यामुळे २२/०५/२०१३ सारखी तारीख आली की बाविसावा महिना नसतोच, म्हणून एक्सेलनं तिला साधा मजकूर मानून डावीकडे चिकटवलं. पण ०७/०६/२०१३ आली की एक्सेलनं ती आनंदानं ६ जुलै म्हणून घेतली आणि उजवीकडे चिकटवली. एकाच रकान्यात अर्ध्या तारखा डावीकडे, अर्ध्या उजवीकडे. माझ्या डोळ्यांसमोर होतं ते. मला ते कसंतरी दिसलं म्हणून मी काय केलं? रकाना सिलेक्ट केला आणि सेंटर अलाइन करून टाकला. छान, एका ओळीत.

डावीकडच्या मजकुरात तीस मिळवले की एरर यायची, त्या तारखा मी एकेक करून हातानं नीट टाकल्या. उजवीकडच्यांनी काहीच तक्रार केली नाही, म्हणून त्यांच्याकडे बघितलंही नाही. मग मूळ तारखेचा रकाना लपवला, पार्टी, रक्कम आणि 'नोटीसची शेवटची तारीख' एवढंच ठेवलं, खाली फूटरला छापल्याची तारीख घातली, आणि काकांच्या टेबलावर प्रिंट ठेवली. भिवंडीवाल्यापुढे लिहिलं होतं ५ ऑगस्ट.

पार्टी गोड बोलत राहिली. मीही गोड बोलत राहिले. घाई नव्हती ना, ५ ऑगस्ट.

२२ जुलैला सोमवारी मी आणि चुलत भाऊ अंधेरी कोर्टाजवळच्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी माझी यादी एका बाजूला ठेवली, खणातून शोधून आणलेला मेमो दुसऱ्या बाजूला. बराच वेळ दोन्हीकडे बघितलं. मग पेन्सिलनं फूटरवर गोल केला आणि विचारलं, 'ही यादी १८ जूनला काढली?' हो म्हटलं. 'आणि ५ ऑगस्टमधून तीस मागे गेलं की येतो ६ जुलै. म्हणजे तुमच्या यादीप्रमाणे चेक परत यायला अजून अठरा दिवस बाकी होते, आणि तुम्ही तो परत आलेल्यांत धरला होता.' चुलत भाऊ हसला. मला मात्र त्या खुर्चीतून उठून थेट भांडुपला जावंसं वाटलं.

मुदत ७ जुलैला संपली होती. मी विचारलं, उशीर माफ करून घेता येत नाही का? त्या म्हणाल्या, तक्रार दाखल करायला उशीर झाला तर पुरेसं कारण दाखवून कोर्टाला माफी मागता येते, नोटीसच्या तीस दिवसांना ती सोय नाही. मग त्यांनी चेक मागितले आणि त्यांवरच्या तारखा बघितल्या. मुदतीतला चेक पुन्हा बँकेत टाकता येतो, पुन्हा परत आला की तीस दिवस नव्यानं मिळतात. आम्ही निघताना काका म्हणालेच होते की चेक सहा महिने चालतो, त्यात काय. माझ्या वहीतही सहा महिनेच लिहिलेलं होतं. पण १ एप्रिल २०१२ पासून रिझर्व्ह बँकेनं ती मुदत तीन महिन्यांवर आणली होती. म्हणजे एप्रिलचा चेक आठवडाभरापूर्वीच मेला होता. मेचा ९ ऑगस्टपर्यंत जिवंत होता.

दुसऱ्या दिवशी मेचा चेक पुन्हा टाकला, २५ जुलैला तो अपेक्षेप्रमाणे परत आला, २७ ला नोटीस रजिस्टर पोस्टानं गेली. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस असतात पैसे द्यायला. बाराव्या दिवशी २,३५,५०० आरटीजीएसनं खात्यात. इतके दिवस ज्याच्याकडे 'जरा थांबा' होतं त्याच्याकडे पैसे होतेच की! एप्रिलच्या चेकसाठी दिवाणी दावा करता आला असता, त्याला तीन वर्षं असतात. काका कोर्टाची पायरी चढायला तयार नव्हते. तुकड्यातुकड्यानं साठ हजार आले. बाकीचे गेले.

त्यानंतर आमच्या घराण्यात या गोष्टीचं एकच रूप चालू राहिलं: 'हिच्या कॉम्प्युटरनं एक ब्याऐंशी खाल्ले.' गणपतीत, साखरपुड्यात, बारशाला. साठ हजार परत आले होते हे कुणी वजा करत नाही. चुलत भाऊ वर म्हणतो, 'टॅलीत असं होत नाही.' आणि काकांचा समारोप ठरलेला: कायदा वकिलाला विचारावा, कॉम्प्युटरला माणूस ठेवावा.

बरं, काका, आता जाहीर सांगते. चूक माझी होती, सेंटर अलाइन मीच केलं. पण वकिलाला विचारायला गेलो तेव्हा पंधरा दिवस उशीर झाला होता, आणि 'आता उशीर होतोय' हे सांगायला वकील साकीनाक्याला येत नाही. ते गाळ्यात बसलेल्या कुणाला तरी कळावं लागतं. कॉम्प्युटरला ठेवलेल्या माणसानंही तेच केलं असतं जे मी केलं, फक्त त्याच्या यादीत तीस दिवसांचा रकाना नसता, म्हणजे दोन्ही चेक गेले असते. शिवाय मेमो खणात होता. तो माझ्या टेबलावर असता तर सात जून हे अक्षरांत दिसलं असतं. आणि २००६ च्या एमएसएमई कायद्याखाली आमच्यासारख्या लहान उत्पादकाला पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज मागता येतं. मी दोनदा फॉर्म आणून दिला होता. 'सरकारी कागदात नाव कशाला?' म्हणून तो त्याच खणात गेला. तिथे कुठला कॉम्प्युटर होता?

तुमच्या प्रश्नाकडे येते.

माझं स्पष्ट मत: तिन्हींपैकी एकच धड शिकायला मिळणार असेल तर कायदा. डेटा आणि आयटी घरी बसून, चुका करून, फुकट शिकता येतं. कायदा एकटीनं वाचून डोक्यात बसत नाही, त्याला शंका विचारायला समोर माणूस लागतो, शक्यतो कोर्टात जाणारा. तपशील जुने होतात, माझ्या वहीतल्या सहा महिन्यांसारखे. तरी 'याला मुदत असणार, किती आहे ते बघू' ही खोड लागते, आणि ती वही रद्दीत गेल्यावरही राहते.

डेटा अनॅलिसिसबद्दल सावध राहा. आता प्रत्येक माहितीपत्रकावर बिझनेस अनॅलिटिक्स आणि एआय छापलेलं असतं. तिथल्या मुलांना सरांनी दिलेली स्वच्छ धुतलेली फाइल मिळते आणि ती त्यावर रंगीत चार्ट काढतात. मुलीला घरी एक काम द्या: तुमच्याच बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट सीएसव्हीत उतरवून महिन्यावार खर्च काढायला सांगा. तारखा बिघडतील, रकमेत स्वल्पविराम मजकूर होऊन बसतील, एकाच दुकानाचं नाव चार प्रकारे येईल. (तारखांसाठी: फाइल डबलक्लिक करून उघडू नका, आत आणताना त्या रकान्याचा प्रकार तारीख निवडून डीएमवाय, म्हणजे दिवस-महिना-वर्ष, द्या. मला हे कुणी २०१३ च्या आधी सांगितलं असतं तर!) हे तिला आवडलं तर डेटा तिचा विषय आहे. वैताग आला तर चार्टसाठी फी भरू नका.

आयटीमध्ये मला हल्ली जे महत्त्वाचं वाटतं ते बहुतेक मुलांना कंटाळवाणं वाटतं, कारण ते कायद्याशी जोडलेलं आहे. पार्टीनं व्हॉट्सअॅपवर 'माल मिळाला, पैसे शुक्रवारी' लिहिलं, तुम्ही स्क्रीनशॉट काढून ठेवलात, झालं? नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आलाय. त्याच्या कलम ६३ प्रमाणे असा इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलचा बोटाचा ठसाच म्हणा) लिहायची असते. आधीच्या कायद्यात हेच ६५ब होतं. हॅश म्हणजे काय ते आयटीचा मास्तर सांगणार, प्रमाणपत्र का लागतं ते कायद्याचा, आणि दोघं स्टाफरूममध्ये एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून तुमचा 'तिघांपैकी कुठला' हा प्रश्नच मला थोडा बोचला. माझे पैसे तिघांच्या मधल्या फटीत पडले होते.

कॉलेजची नावं मी सुचवणार नाही. फक्त एक बघा. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) कक्षेत गेले आणि त्यांना राज्याची सीईटी आली. त्यानंतर काही कॉलेजांनी तोच कोर्स बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज अशा नावानं ठेवला. तेव्हा बोर्डावर काय लिहिलंय त्यापेक्षा पदवीवर काय येणार आणि प्रवेशाला सीईटी लागणार का, हे आधी लेखी विचारा. नव्या शैक्षणिक धोरणामुळे मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी अशी अक्षरं येतील. घाबरू नका, मायनर (दुय्यम विषय) आणि ओईमध्ये (ओपन इलेक्टिव्ह, निवडीचा विषय) प्रत्यक्षात कुठले विषय चालवतात ते विचारा. कागदावर दहा असतात आणि शिक्षक दोघांनाच असतो.

काकांनी गाळा अजून चालवलाय. मी २०१५ ला बाहेर पडले, आता एका निर्यात कंपनीत क्रेडिट कंट्रोल बघते, म्हणजे तेच काम, फक्त एसीत. गेल्या वर्षी काकांचा फोन आला. 'ते पंचेचाळीस दिवसांचं काय आहे गं? सगळे उद्यमचा नंबर मागतायत.' (उद्यम म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी.) २०२४ पासून आयकरात असं आलंय की सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच. त्यामुळे मोठ्या पार्ट्याच आता विचारत फिरतात, तुम्ही नोंदलेले आहात का. मी काकांना नोंदणी करून दिली, ऑनलाइन, फुकट, आधार आणि पॅनवर. चहा पाजला त्यांनी. एक ब्याऐंशीचा विषय निघाला नाही. पुढच्या गणपतीत निघेल.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता. मी वकील नाही, वर लिहिलेल्या मुदतींवर विसंबून कुणी स्वतःची नोटीस धाडू नये. मुलीला वकीलच व्हायचं असेल तर बीएमएस नको, बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा कोर्स आहे. सीए करायचं असेल तर साधं बीकॉम घ्या, बीएमएसची प्रोजेक्टं आणि प्रेझेंटेशनं आर्टिकलशिपशी, म्हणजे सीएकडच्या उमेदवारीशी, जुळत नाहीत. मी अठरा-एक वर्षांपूर्वी शिकले, सगळी कॉलेजं तशी नसतील. मला पाच वर्षांपूर्वी एक ट्रेनी मिळाली होती, तिनं पहिल्याच दिवशी माझ्या शीटमधला तारखेचा रकाना बघून 'मॅडम, हे डावीकडे का आहे?' असं विचारलं. कुठल्या कॉलेजची ते विचारायचं मी विसरले, नाहीतर तुम्हाला तेच नाव दिलं असतं.

फी भरण्याआधी एकदा कामाच्या दिवशी दुपारी कॉलेजात जाऊन कॉम्प्युटर लॅब बघा. कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे असते तेवढं विचारून या.